नाशाची नोंद कोणी ठेवायची?

व्हिडिओ कॉल चालू असताना लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी कॅमेऱ्याची वायर कुणी ओढून काढली, तर पडद्यावरचं चित्र थांबतं. माणसाच्या दृष्टीने विषय संपला. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये मात्र तो इथे सुरू होतो. कॅमेरा गेला, पण कॉल करणाऱ्या प्रोग्रामने त्याची फाइल अजून उघडीच ठेवली आहे. पुढच्या क्षणी त्याने एक फ्रेम मागितली, तर ड्रायव्हर मेमरीतल्या ज्या पत्त्यावर जाईल, तिथे कॅमेऱ्याचीच माहिती असेल, की ती जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला दिलेली असेल? दुसरी शक्यता खरी ठरली, तर त्या चुकीला ‘यूज-आफ्टर-फ्री’ म्हणतात.

लिनक्समध्ये २००७ पासून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ‘डेव्हएम’ फंक्शन्सची सोय आहे. डिव्हाइस ड्रायव्हरपासून सुटलं की त्याच्यासाठी घेतलेली मेमरी आपोआप मोकळी होते. मेमरी सोडायला विसरण्याच्या कितीतरी चुका त्यामुळे टळल्या. २०२२ मध्ये डब्लिनला भरलेल्या लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये लॉरां पिंशार यांनी या सोयीतला धोका मांडला. मेमरीचं आयुष्य डिव्हाइसला बांधलं जातं, आणि डिव्हाइस गेल्यावरही कुणी फाइल धरून बसलेलं असू शकतं. यंत्र जाणं आणि यंत्राच्या नोंदीची गरज संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

मग एखादी वस्तू ‘संपली’ म्हणजे नेमकं काय झालं? या प्रश्नावर भारतात नैयायिक आणि बौद्ध कित्येक शतकं वाद घालत होते.

नैयायिकांनी आपलीशी केलेल्या कणादाच्या वैशेषिक परंपरेत मूळ पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे प्रकार, सहा. पुढच्या आचार्यांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त त्याचे चार प्रकार दिले. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. घडा घडण्यापूर्वीचं त्याचं नसणं, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण घडा झाला की अंत आहे. घडा फुटल्यानंतरचं त्याचं नसणं, तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. त्याच जागी दुसरा घडा आणून ठेवला, तरी पहिल्याचं नसणं कायम राहतं.

धर्मकीर्तीसारख्या बौद्ध तार्किकांना हे मान्य नव्हतं. रिकामी जमीन दिसणं हेच घड्याच्या अभावाचं ज्ञान. अभाव नावाची निराळी वस्तू कशाला मानायची? शिवाय वस्तू स्वभावतःच क्षणिक असल्याने नाशाला वेगळं कारणही लागत नाही. नैयायिकांचं उत्तर असं, की घडा फुटतो तो काठीच्या घावाने. नाशालाही कारण असतं.

कर्नलची मेमरी या वादात नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते. सी भाषेत घेतलेली मेमरी आपणहून जात नाही. कुणीतरी, मग ते डेव्हएम का असेना, ‘केफ्री’ म्हणजे ‘मोकळी कर’ असं म्हणावं लागतं, आणि ते कुणी व कधी म्हणायचं यावरच सगळं अवलंबून असतं. रिकाम्या जमिनीकडे पाहून अभाव कळेल, हेही इथे खरं ठरत नाही. मोकळ्या केलेल्या जागेत जुना मजकूर बराचसा तसाच पडून असतो. पॉइंटरमधला पत्ता तोच, दिसणारे आकडेही पुष्कळदा तेच. वस्तू गेली आहे हे त्या जागेकडे पाहून कळायला मार्ग नाही.

अँड्रॉइडच्या ‘बाइंडर’ ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच झालं. बाइंडरमार्फत फोनमधले प्रोग्राम एकमेकांशी बोलतात. प्रत्येक थ्रेडसाठी तो एक नोंद ठेवतो आणि त्या नोंदीच्या पोटातच वाट पाहणाऱ्यांची रांग असते. ‘ईपोल’ या यंत्रणेने त्या रांगेत आपलं नाव लावलेलं असताना थ्रेडने निरोप घेतला, की ड्रायव्हर अख्खी नोंद मोकळी करत असे. ईपोलला हे कुणी कळवत नसे. पुढे ते आपलं नाव काढायला परत येई आणि नाहीशा झालेल्या रांगेत लिहून जाई. मधल्या काळात त्या जागी भलतंच काही आणून ठेवणाऱ्याला फोनचा ताबा मिळू शकत होता. ही चूक २०१७ मध्ये आपोआप चाचण्या घेणाऱ्या सिझबॉटला सापडली आणि मूळ कोडमध्ये दुरुस्तही झाली. पण ती दुरुस्ती अनेक फोनपर्यंत पोचलीच नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने जाहीर केलं, की या चुकीचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची माहिती आहे.

दुरुस्ती काय होती? थ्रेड जाण्यापूर्वी रांगेतल्यांना सांगायचं, की रांग आता नाहीशी होते आहे. म्हणजे नाशाची खबर द्यायची.

अशा चुका पकडणारं केसॅन हे तपासणीचं साधन २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० आवृत्तीत आलं. त्याच्या मूळ पद्धतीत मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइट वेगळा राखून, ती जागा वापरायला खुली आहे की नाही हे त्यात लिहून ठेवतात. इथे अभाव खरोखरच नोंदवला जातो. त्यासाठी मेमरी मोजावी लागते, वेगही कमी होतो. पण जागेकडे नुसतं पाहून जे कळत नाही, ते नोंद सांगते.

वस्तूला किती जण धरून आहेत हे मोजणं, हा चूक मुळातच टाळण्याचा जुना उपाय. शेवटच्याने सोडली की आकडा शून्य होतो आणि वस्तू मोकळी होते. पण मोजणाराही चुकतो. २०१६ च्या जानेवारीत उघड झालेल्या, कर्नलमध्ये किल्ल्या सांभाळणाऱ्या कीरिंगच्या चुकीत एका वाटेवर आकडा वाढत असे, पण कमी होत नसे. ३२ बिटांचा तो आकडा सुमारे ४ अब्ज २९ कोटींनंतर फिरून शून्यावर येई आणि वापरात असलेली वस्तू मोकळी होई. २०१७ मध्ये आलेला ‘रेफकाउंट’ हा नवा प्रकार टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो. वस्तू मग कधीच मोकळी होत नाही. थोडी मेमरी कायमची वाया गेली तरी चालेल, पण कुणाच्या हातातली वस्तू नाहीशी होता कामा नये, असा हा निवाडा आहे. तो तांत्रिक आहे तितकाच नैतिक आहे, आणि योग्य आहे.

२०२२ च्या डिसेंबरात ६.१ आवृत्तीबरोबर रस्ट भाषा लिनक्समध्ये आली. वस्तूंच्या आयुर्मानाबाबतच्या पुष्कळ चुका तिचा कंपायलर आधीच अडवतो. पण माणूस वायर केव्हा ओढेल, हे कोणत्याच कंपायलरला कळत नाही. म्हणून कर्नलच्या रस्ट कोडमध्ये ‘रिव्होकेबल’ नावाचा प्रकार आहे. वस्तूला हात लावण्यापूर्वी ती अजून आहे का, हे दर वेळी विचारायचं. ‘नाही’ हे उत्तर आलं तर काय करायचं, तेही लिहून ठेवायचं.

ड्रायव्हरचा कोड तपासणाऱ्यांनी मेमरी कुठे घेतली याच्याआधी ती कुठे सोडली ते पाहावं, आणि त्या ओळीपाशी थांबून विचारावं: हिला अजून कोण धरून आहे, आणि त्याला कुणी सांगितलं आहे का? याचं उत्तर कोडमध्ये सापडत नसेल, तर तो पॅच परत पाठवावा.