मुक्काम : शून्य रुपये

मे महिना लागला की आमच्या गोंडपिपरीत माणसाला समुद्र आठवतो. वर्धा नि वैनगंगा दोन्ही जवळ, तरी आठवतो! यंदा मी बी. कॉम.ला जागून, घरच्याच जुन्या गाडीने कोकण करायचं अंदाजपत्रक काढलं. हर्णै, मग दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे धोपावे, गुहागर, गणपतीपुळे, मालवण. नुसत्या पेट्रोल-टोलनेच डोळे पांढरे झाले. तेव्हा राहण्याच्या रकान्यात ‘गुहागरचा मामेभाऊ, चार रात्री’ असं लिहून पुढे शून्य टाकलं. बेरीज एकदम देखणी दिसू लागली.

“अहो, नि वहिनींच्या वहीत काय लिहायचं?” सौ.ने विचारलं.

आली का पंचाईत! लुका पाचोलीने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापली. एकाची जमा ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडतेच. म्हणजे आमचं शून्य वहिनींच्या चुलीवर पडणार.

“पण ताडोबा पाहायला आले, तेव्हा ते सगळे पाच दिवस आपल्याकडेच होते ना?”

“तेव्हा पाहुणे होते. कर्जदार कधी झाले?”

मी गप्प. कारण खरं सांगायचं तर ते पाच दिवस माझ्या डोक्यात कुठेतरी लिहिलेले होते. तारखांसकट!

शेवटी फोन केला. “या हो भावजी, जरूर या!” वहिनी म्हणाल्या. “आंब्याच्या पेट्या भरायच्यात, तेवढीच चार माणसांची मदत.”

शून्य खोडलं आहे. तिथे काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.