औषधाने व्रत मोडत नाही

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की साधारण २५ किलोमीटरवर राजूर लागते. टेकडीवरचा राजुरेश्वर गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानला जातो. संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, की रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. बहुतेकांना कडक उपास असतो, कित्येकांच्या पायांत चप्पल नसते. उपास सोडायचा तो चंद्रदर्शनानंतर, आणि वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री आठ-नऊच्या आधी क्वचितच उगवतो.

या गर्दीत मधुमेही असणारच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के आहे. त्यांच्यासाठी अंगारकी हा भक्तीइतकाच हिशेबाचाही दिवस असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही, ती साखर उतरवतच राहते. सकाळी गोळी घेऊन निघालेल्या माणसाला दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेल्याची ही खूण. कोणी या भीतीने गोळीच टाळतो आणि साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस खाऊन साखर भलतीच चढवून घेतो. तळपायाची संवेदना गेलेली असेल तर रुतलेला काटाही कळत नाही. जखम दिसते ती दोन दिवसांनी, चिघळल्यावर.

धोका ठाऊक नसतो असे नाही. डॉक्टरांनी बजावलेले असते, मुले चिडलेली असतात. तरी वीस-पंचवीस वर्षांचे व्रत सोडवत नाही. उपास मोडला तर देवाचा अपराध, केला तर डॉक्टरांची बोलणी. त्यात घरोघरी ऐकावे लागते ते वेगळेच: ‘गोड खाऊन खाऊन ओढवून घेतलंत’, नाहीतर ‘एका मोदकाने काय होतंय, प्रसाद आहे’. या सततच्या ताणाचा विचार वैद्यकशास्त्र आता गांभीर्याने करते. मधुमेहामुळे येणारा मनाचा शीण मोजण्यासाठी अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळते, असेही अभ्यासांतून दिसले आहे.

पण देवाच्या अपराधाचे काय? त्याचे उत्तर राजूरच्याच परंपरेत आहे. सिंदुरासुराचा वध केल्यावर गजाननाने वरेण्य राजाला उपदेश केला तो इथेच, अशी या क्षेत्राची श्रद्धा. तो उपदेश म्हणजे गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातली गणेशगीता. तिच्या अकराव्या, शेवटच्या अध्यायात तपाचे कायिक, वाचिक, मानसिक असे भेद सांगितले आहेत, आणि पुढे सात्त्विक, राजस, तामस असेही. दुसऱ्याला किंवा स्वतःला पीडा देणारे तप तिथे तामस ठरवले आहे. मनाची प्रसन्नता आणि शांती यांना मात्र मानसिक तपात स्थान आहे. म्हणजे ज्या देवासाठी माणूस देह झिजवतो, त्याच्याच नावाच्या गीतेला असे झिजवणे मान्य नाही.

धर्मशास्त्रानेही वाट मोकळी ठेवली आहे. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने मोजल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आहे, गुरूची आज्ञा आहे आणि औषधही आहे. इन्सुलिनची सुई टोचणारा किंवा चक्कर आल्यावर साखरपाणी पिणारा भक्त या यादीबाहेर राहत नाही. इस्लाममध्येही आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे. रमजानमधील मधुमेहींसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने २०१६ मध्ये मार्गदर्शिका निघाली, २०२१ मध्ये ती सुधारली गेली, आणि तिच्यात धार्मिक अधिकाऱ्यांचे मतही विचारात घेतले आहे. संकष्टीसाठी असे काही मराठीत व्हायला हवे.

यावर कोणी म्हणेल, मग मधुमेहींनी उपास सोडूनच द्यावा. इतके सरळ ते नाही. व्रताने माणसाला धीर मिळतो, महिन्याची घडी बसते, आपण कोणाच्या तरी आधाराने उभे आहोत असे वाटते. ते एका वाक्यात हिरावून घेणारा डॉक्टर रुग्णाचा विश्वास गमावतो. मग रुग्ण उपास करतोच, फक्त सांगत नाही. त्यापेक्षा ‘उपास कसा करता?’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे. आणि नेम म्हणाल तर मधुमेह सांभाळणे हाच मोठा नेम आहे. रोज वेळेवर जेवण, गोळी, चालणे, झोपण्याआधी तळपाय निरखून पाहणे. याला उद्यापन नाही.

म्हणून पुढच्या अंगारकीला राजूरला निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावे आणि त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. आपल्या प्रकृतीला उपास झेपणार नाही असे ते म्हणाले तर फक्त दर्शन घ्यावे. मोजे आणि बूट घालून चालावे, ते मंदिराच्या दारापाशी काढावेत. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि सोबत्याला आपला आजार सांगून ठेवावा. घाम फुटला तर चंद्राची वाट न पाहता साखर तोंडात टाकावी. आणि घरच्यांनो, तुमच्या माणसाने मोदक नको म्हटले तर पुन्हा आग्रह करू नका.