हसणे आणि हसू येणे

मानकोलीस माझी बहीण राहते. गेल्या दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे गेलो असता भाचीने आपली वही माझ्यापुढे टाकली. इंग्रजी भाषेतील हसण्याचे आठ शब्द देऊन त्यांचे मराठी अर्थ लिहावयास शाळेत सांगितले होते. आणि या चतुर मुलीने आठांपुढेही ‘हसणे’ एवढेच लिहून ठेविले होते.

मी ते शब्द मोठ्याने वाचू लागलो. शेवटचा ‘गफॉ’ हा शब्द मी ‘गफाव’ असा वाचला, तेव्हा ती किंचित हसली व उच्चार सुधारून पुढे गेली. मला त्याचे काहीच वाटले नाही. मग मी समजावू लागलो. ‘गिगल’ म्हणजे पोरीबाळींचे आवरता न येणारे खिदळणे. ‘चकल’ म्हणजे मनातल्या मनात पटलेल्या गोष्टीचे हलकेच बाहेर आलेले हसू. ‘स्निगर’ म्हणजे तोंडावर हात धरून दुसऱ्याच्या फजितीला फिदीफिदी हसणे. ‘स्मर्क’ म्हणजे स्वतःवर खूश असलेल्या माणसाच्या ओठांची मुरड. इंग्रजांना एवढ्यानेही भागले नाही. लुई कॅरोलने 1871 साली ‘चकल’ आणि घोरल्यासारखा नाकातला आवाज यांचा संकर करून ‘चॉर्टल’ हा नवाच शब्द निर्माण केला, आणि तो कोशात जाऊन बसला.

यावरून आपली भाषा दरिद्री ठरते असे मात्र कोणी समजू नये. इंग्रजी जे काम निरनिराळ्या क्रियापदांकडून करून घेते, ते मराठी खुदकन, खो खो, फिदीफिदी, गालातल्या गालात अशा शब्दांकडून करून घेते. भरतमुनींनी तर नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशा माणसांत दोन दोन याप्रमाणे वाटणीही करून टाकली आहे. दात न दाखविता हसेल तो उत्तम, आणि सर्वांग हलवून हसेल तो अधम. रंगभूमीवर ही वाटणी ठीक असेल. पण व्यवहारात मला ती पटत नाही. ‘स्मर्क’मध्येही दात दिसत नाहीत, आणि गावच्या ओटीवर खो खो हसणाऱ्या म्हाताऱ्याने कोणाचे मन दुखविल्याचे क्वचितच ऐकू येते. हास्याचा हीनपणा त्याच्या आवाजावरून मोजता येत नाही.

त्याच सायंकाळी आम्ही नाक्याकडे फिरावयास गेलो. नाशिकच्या हमरस्त्यालगत जेथे पूर्वी भातशेती होती तेथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. एका फाटकाशी वृद्ध पहारेकरी दक्षिणेकडील एका लॉरीवाल्याला काही समजावीत होता. त्याला मराठी कळेना, हिंदीही फारसे कळेना. शेवटी पहारेकऱ्याने धीर करून ‘आधी गाडी डाउनलोड, मग जेवण’ असे सांगितले. नातवाच्या हातातील फोनवरून तो शब्द त्याच्या कानी पडला असावा. मी मोठ्याने हसलो. त्याने माझ्याकडे पाहिले, तोही थोडा हसला, आणि मग मान खाली घालून उरलेले सारे हातवाऱ्यांनी सांगू लागला.

‘मामा, हे त्या आठांतले कोणते?’ भाचीने विचारले.

‘अगं, मला हसू आले,’ मी म्हणालो.

हे उत्तर देऊन मी सुटलो असे मला क्षणभर वाटले. भूक लागते, झोप येते, ताप येतो, तसेच हसू येते. मी बिचारा त्याचे केवळ ठिकाण! आणि त्या म्हाताऱ्याचे काय झाले? तर त्याचे ‘हसे झाले’. येथेही कर्ता नाही. हसू माझ्याकडे आले, हसे त्याचे झाले, आणि केले मात्र कोणीच नाही. इंग्रजी माणसालाही हसणे आवरत नाहीच. पण त्याचे वाक्य ‘मी’ने सुरू होते, आणि कोणाबरोबर हसलो की कोणाला हसलो, हे एका लहानशा शब्दयोगी अव्ययाने त्याला कबूल करावे लागते.

पहिला हुंदका जसा आपल्या हातचा नसतो तसे पहिले हसूही नसते, हे मी मान्य करतो. परंतु ते मला का आले? त्याच म्हाताऱ्याने मोडकी तमिळ बोलण्याचा यत्न केला असता तर मला कौतुकच वाटले असते. हॉब्जने 1651 च्या ‘लेव्हायथन’मध्ये हास्याचे मूळ आपल्या श्रेष्ठत्वाच्या आकस्मिक जाणिवेत शोधले आहे. सर्व हास्याला ते लागू नाही. माझ्या त्या सायंकाळच्या हास्याला पुरेपूर लागू आहे. इंग्रजी शब्द चुकला म्हणून हसणे हे आपल्या शिकलेल्या वर्गाचे जुने व्यसन आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिताना सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांना आधी हास्यास्पद केले, आणि मग त्यांच्याकडून जगाला हसविले. मी ‘गफाव’ म्हणणारा माणूस त्या फाटकाशी मात्र निव्वळ प्रेक्षक होऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी निघताना पुन्हा तेथूनच गेलो. पहारेकऱ्याने ओळखीचे हसून, गाडी रात्री दहाला रिकामी झाली, असे आपण होऊन सांगितले. ‘डाउनलोड’ हा शब्द त्याने या वेळी टाळला.

बसमध्ये बसल्यावर बहिणीचा फोन आला. भाचीने वही पुरी केली होती. आठांपैकी सात अर्थ मी सांगितलेलेच होते. ‘स्निगर’पुढे तिने लिहिले होते: मामांना हसू येणे.