चार गुंठे आणि अक्काचं फुप्फुस

कोथरूड, पुणे
आषाढ शुद्ध पंचमी

चि. सोन्यास,


पत्रास कारण की, परवा फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं, पण बोलले नाही. फोनवरचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतं, म्हणून लिहून पाठवतेय. तू वाच आणि सूनबाईलाही वाचायला दे. घरातला हिशेब तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतो, राग मानू नकोस.

रस्त्यालगतचे चार गुंठे विकायचे आणि त्या पैशातून तुझ्या आईला, आपल्या अक्काला, एका क्लिनिकात स्टेम सेलची तीन सलाइनं लावायची, साडेसहा लाखांत, असं तुझं चाललंय. माझं मत आधी सांगते आणि कारणं मागून देते. विकू नकोस. जमिनीच्या मायेनं म्हणत नाही. अक्काचा जीव वाचणार असता तर मीच तुला सातबारा काढायला लावला असता.

आता कारणं. उभी हयात छातीच्या वॉर्डात नोकरीत काढली, त्यामुळे अक्काचा आजार मला कागदावर वाचावा लागत नाही. भातलावणीला चिखलात हात घातला की तिची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल व्हायची. आपण सगळे म्हणायचो, मुळशीचा पाऊस आहे, गारठणारच. मग बोटांची कातडी ताठली, अंगठी निघेना. मग पौडच्या बाजारात पिशवी घेऊन चालताना दम लागायला लागला. यालाच स्क्लेरोडर्मा म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, आणि कातडीत होतो तोच ताठरपणा वण होऊन फुप्फुसाच्या जाळीत उतरतो. डॉक्टरांनी पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावून जी बारीक करकर ऐकली, ती या वणांचीच. झालेला वण पुसून टाकणारं औषध आज जगात कुठेही नाही. हे कडू आहे, पण ते पचवल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

त्या क्लिनिकच्या माणसानं तुला सांगितलं, ‘स्टेम सेलनं स्क्लेरोडर्मा बरा झाल्याचे अमेरिकेत पुरावे आहेत.’ यात खोटं फार थोडं आहे, म्हणून तर ते धोक्याचं. पुरावे आहेत, पण वेगळ्याच उपचाराचे. ‘स्कॉट’ नावाची अमेरिकेतली चाचणी 2018 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. फुप्फुस किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचलेला गंभीर स्क्लेरोडर्मा असलेले 75 रुग्ण तीत होते. त्यातल्या 36 जणांच्या वाट्याला स्वतःच्याच रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं, प्रत्यारोपण आलं, बाकीच्यांना सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची दर महिन्याची सलाइनं. ठरलेला उपचार पुरा केलेल्यांत सहा वर्षांनी प्रत्यारोपणवाले 86 टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले 51 टक्के. आकडा मोठा आहे, मी नाकारत नाही.

पण तो उपचार कसा असतो ते त्या माणसानं तुला सांगितलं का? आपल्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात ना, तणाचं बी जळून जावं म्हणून, तसं ते आहे. रुग्णाच्या मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवतात. मग जहाल औषधांनी, स्कॉटमध्ये तर अंगभर किरणं देऊनसुद्धा, ती उलटलेली यंत्रणाच जाळून टाकतात आणि नंतर साठवलेल्या पेशी परत सोडतात. गुण येतो तो मुख्यतः त्या भाजण्याचा. परत सोडलेल्या पेशी नुसतं रान पुन्हा उगवून देतात. मधल्या आठवड्यांत माणूस जंतूंपुढे उघडा पडतो. युरोपातली ‘ॲस्टिस’ चाचणी 2014 साली आली. तीत प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या 79 पैकी 8 जण पहिल्याच वर्षात उपचारापायी गेले. जे तगले त्यांचं पुढे बरं चाललं, हेही खरं. म्हणून हा उपचार निवडक माणसांसाठी आहे: आजार वेगानं वाढतोय, पण हृदय आणि फुप्फुसात अजून उपचार सोसण्याइतकी ताकद आहे, अशांसाठी. अक्काच्या हृदयाच्या टूडी इकोमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला लिहिलाय. ती त्यात बसते की नाही हे संधिवाततज्ज्ञ आणि प्रत्यारोपणाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं असतं. महाराष्ट्राला हे काम नवं नाही, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी 1983 साली देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. तेव्हा मत घ्यायचंच तर अशा ठिकाणी घे. मत घ्यायला जमीन विकावी लागत नाही.

आता तुझ्या क्लिनिकची तीन सलाइनं. त्यात ना प्रत्यारोपण, ना ते भाजणं. त्या नाळेतून किंवा चरबीतून वाढवलेल्या मेझेंकायमल पेशी. जाहिरातीत लिहिलंय की शिरेतून दिल्या की त्या थेट फुप्फुसात पोचतात. पोचतात हे खरं. पण तिथे शाळा भरवायला जात नाहीत, बारीक केशवाहिन्यांत अडकतात, म्हणून! आणि बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्यांच्यापासून माणसात नवं फुप्फुस तयार झाल्याचं कुणी दाखवलेलं नाही. त्या जे काही करत असतील ते त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे, हा आजचा अंदाज. फुप्फुसाच्या वणांवर माणसांत झालेल्या सुरुवातीच्या चाचण्या किती मोठ्या होत्या? ऑस्ट्रेलियातली 2014 ची आठ रुग्णांची, अमेरिकेतली 2017 ची नऊ रुग्णांची. दोन्ही ज्याचं कारण सापडत नाही त्या फायब्रोसिसच्या, म्हणजे वणांच्या. अक्काच्या आजाराच्या नव्हेत. आणि त्यांतून कळलं ते एवढंच, की दिल्यावर लगेच मोठा अपाय झाला नाही. आठ-नऊ माणसांच्या अपाय न होण्यावर साडेसहा लाखांचं दुकान उभं आहे.

तू म्हणालास, ‘मावशी, अगं आपल्या लवळ्यातच स्टेम सेलचं केंद्र आहे, म्हणजे काहीतरी असेलच ना.’ आहे की. सिंबायोसिसच्या टेकडीवर मूळपेशी संशोधनाचं केंद्र आहे. गणेशखिंडीच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या डॉ. वैजयंती काळे तिथे आल्या. त्यांच्या गटाचं 2018 साली प्रसिद्ध झालेलं काम बघ. तरुण मेझेंकायमल पेशी इवल्या पुटिका सोडतात, त्या पुटिका उंदरांच्या म्हाताऱ्या रक्त-मूळपेशींना दिल्या तर त्या पेशींना पुन्हा उभारी येते. चांगलं काम आहे, आपल्या तालुक्यात असं काम चालतं याचा मला अभिमान आहे. पण ते उंदीर आहेत, सोन्या. पेशी, पुटिका, उंदीर, मग मोजकी माणसं, मग शेकडो माणसं, अशा पायऱ्यांनी औषध येतं. टेकडीवरच्या प्रयोगशाळेचं नाव घेऊन रस्त्यावरचं क्लिनिक पैसे मागत असेल तर दोन्हींचा संबंध नाही, एवढं समज.

यातून तुला धरून ठेवायची गोष्ट एकच. संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्वच्छ लिहिलंय. ज्या आजारात मूळपेशींचा उपयोग सिद्ध नाही तिथे त्या फक्त मंजूर चाचणीत द्यायच्या, आणि चाचणीतल्या माणसाला त्याचं बिल लावायचं नाही. 2019 च्या औषध चाचण्यांच्या नियमांत तर इजा झाली तर भरपाई देण्याचंही बंधन आहे. म्हणजे समोरचा ‘आम्ही रिसर्च करतो’ म्हणत असेल आणि पावतीही फाडत असेल, तर त्यातलं एक खोटं आहे. आणि तो ‘रिसर्च नाही, सिद्ध उपचार आहे’ म्हणाला, तर अक्काच्या फुप्फुसासाठी तसा सिद्ध उपचार अस्तित्वात नाही. दोन्हीकडून तो अडकतो. विचारून बघ, चेहरा बघण्यासारखा होईल.

तो तुला सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नंबर दाखवेल. नंबर बघून विरघळू नकोस. ती नोंदवही आहे, परवानगी नव्हे. नोंदवहीत असण्यानं कशाचीच हमी मिळत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातलं प्रकरण 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दृष्टी अधू झालेल्या तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या, प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले. त्या क्लिनिकच्या नावे सरकारी नोंदवहीत अभ्यास नोंदलेला होता. तिघींचीही नजर फार खालावली. म्हणून नंबरासोबत दोन कागद माग: औषध महानियंत्रकांची परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी. आणि त्या कागदांवर आजाराचं नाव अक्काचंच आहे का ते वाच. गुडघ्यासाठी मिळालेल्या परवानगीवर फुप्फुस खपवणारे महाभाग असतात.

बुडत्याला काडीचा आधार, हे मला कळतं. आईला धाप लागलेली बघत हातावर हात ठेवून बसवत नाही. पण हात मोकळे नाहीत, कामं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच तू टाळतोयस.

डॉक्टरांनी लिहिलेलं मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध तिनं मध्येच बंद केलं, पोट बिघडतं म्हणून. आधी ते डॉक्टरांना सांग, मात्रा बसवून देतील; परस्पर बंद करायचं नाही, रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. निन्टेडानिब या गोळीचं विचार. 576 रुग्णांच्या चाचणीत, 2019 साली, त्यानं फुप्फुसाच्या क्षमतेची वर्षाची घट साधारण 93 मिलिलिटरवरून 52 वर आणली. फार नाही वाटत? ज्याचं फुप्फुस आखडत चाललंय त्याला विचार. आता भारतीय कंपन्यांच्याही गोळ्या मिळतात. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते बघ.

दम वाढला की गावातल्या दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या आणतोस, ते आजपासून बंद. दम्याच्या माणसाला त्या तारतात, स्क्लेरोडर्मात मोठ्या मात्रेनं मूत्रपिंडावर अचानक घाला येऊ शकतो, बीपी एकदम चढतं. घरात बीपीचं यंत्र आण, आकडा वहीत लिही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नकोस. तिची बोटं गार असताना तो वाट्टेल तो आकडा दाखवतो. दवाखान्यात कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर लावून घ्यायला सांग.

चुलीवरचं पाणी तापवणं तिच्याकडून काढून घे. गोठ्यातला बुरशी आलेला पेंढा तिनं हलवायचा नाही, माळ्यावरचे पारवे हाकल. भारतातल्या फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांच्या 1084 रुग्णांच्या नोंदीत सगळ्यात जास्त, 47 टक्के, फुप्फुसं बुरशी, पक्षी, कूलर असल्या गोष्टींनी बिघडलेली निघाली. अक्कासारखा स्वतःवर उलटणारा आजार जवळपास 14 टक्क्यांत होता. एका आजारावर दुसरा कशाला चढवायचा? या वर्षी लावणीला तिला चिखलात उतरू देऊ नकोस, ती ऐकणार नाही, तरी. रात्रीचं जेवण लवकर, उशाकडून खाट विटेनं उचललेली. जठरातलं आम्ल घशाशी येऊन फुप्फुसात उतरणं या आजारात फार होतं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस बाकी आहे. दर तीन-सहा महिन्यांनी पीएफटी, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी.

आशा ठेवायची तर ती कुठे, तेही सांगते. जर्मनीत एर्लांगेनला 2024 साली स्वतःवर उलटणाऱ्या आजारांच्या पंधरा रुग्णांचा अहवाल आला, त्यात चार स्क्लेरोडर्माचे. त्यांच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढून, शिकवून, परत सोडल्या. पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता आली. तसंच तंत्र मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलनं मिळून बनवलं, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. या टी पेशी स्टेम सेल नव्हेत. आणि आज अक्कासाठी त्या मिळतही नाहीत. पण अशी चाचणी आपल्याकडे निघाली तर तिच्यात शिरायला अक्काचं फुप्फुस तोवर टिकलेलं असायला हवं. अनोळखी पेशींची सलाइनं घेतलेल्या रुग्णाला पुढच्या चाचणीत नाकारलं जाऊ शकतं, हेही त्या माणसानं सांगितलं नसणार.

त्या क्लिनिकला टोकन म्हणून दिलेले पंचवीस हजार लेखी अर्ज देऊन परत माग, अर्जाची पोच घे. जमिनीच्या एजंटला नाही म्हणून कळव. आणि येत्या गुरुवारी अक्काची सगळी फाइल, जुन्या सीटीच्या फिल्मसकट, घेऊन माझ्याकडे ये. संधिवाताच्या ओपीडीत मी सोबत येते.

तुझी,
मावशी