सवड

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात : किती दिवसांचा दौरा आहे आणि तेवढ्यात काय काय पाहून होणार? गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता फ्रान्सला निघालो, तेव्हा धर्मग्रामातल्या स्नेह्यांनीही हेच विचारले. बर्गंडी नावाच्या एकाच प्रांतातली पाच जुनी गावे आणि त्यांसाठी दहा दिवस, हे आमचे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा झाली. तेवढ्या दिवसांत सहा देश होतात, असा हिशेबही एकाने मांडून दाखवला.

हा हिशेब आम्हांला अपरिचित नव्हता. काही वर्षांपूर्वी एका यात्रा-कंपनीबरोबर आम्ही युरोप पाहिला होता. ‘पाहिला’ हा शब्द येथे उदारपणे वापरीत आहोत. बसमधून उतरावे, मार्गदर्शकाच्या झेंडीमागे धावावे, छायाचित्र काढावे आणि पुन्हा बसमध्ये चढावे, असा तो प्रकार होता. रोमला संत पेत्राच्या महामंदिरात गुडघे टेकतो न टेकतो तोच आमच्या नावाचा पुकारा झाला होता. या खेपेला लियों शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या लेक-जावयांनी सगळी व्यवस्था केली होती. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला : एका दिवशी एकच गाव आणि त्या गावात घड्याळ पाहायचे नाही.

अशा निवांत भटकंतीत काही दोष आहे काय? आमच्या पिढीला तो जाणवतो हे खरे. शेतात आणि वाडीत राबणाऱ्या आईबापांच्या पोटी आम्ही जन्मलो. रिकामे बसणे हे पापाच्या शेजारचेच काहीतरी, अशी शिकवण आम्हांला मिळाली. पण जोझेफ पीपर या जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञाने १९४८ साली याच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि नेमके उलट प्रतिपादन केले. निवांतपणा म्हणजे आळस नव्हे. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात ज्याला आत्म्याचा आळस म्हणत, तो निवांत होता न येण्याचाच एक प्रकार आहे, असे ते म्हणतात. स्वस्थ बसून एखादी गोष्ट तिच्या स्वतःच्या मोलाने न्याहाळणे याचे मूळ त्यांना उपासनेत दिसते. रविवारच्या विसाव्याची आज्ञा पाळणाऱ्यांना हे पटायला हरकत नाही.

आपल्या भाषेत याला ‘सवड’ असा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. रिकामा वेळ आपोआप मिळतो. सवड काढावी लागते, आणि ती नेहमी कोणासाठी तरी काढावी लागते. सवड झाली नाही, असे आपण म्हणतो तेव्हा वेळ नव्हता असे क्वचितच असते. या लेखाचा विषय खरे तर हाच आहे. गावांचे वर्णन त्या ओघात येईल तेवढेच.

वेझले हे पहिले गाव. टेकडीच्या माथ्यावर संत मरिया माग्दालेनेचे महामंदिर आहे. याच टेकडीच्या उतारावर ३१ मार्च ११४६ रोजी संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या धर्मयुद्धासाठी आवाहन केले होते. त्या युद्धाचा शेवट काय झाला हे इतिहासात नमूद आहे. संतांच्या वाणीतूनही चुकीचा पुकारा होऊ शकतो, हे तेथे उभे राहून मान्य करताना आम्हांला जड गेले. पण वेझले आमच्या लक्षात राहिले ते वेगळ्याच कारणासाठी. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य माथ्यावर आला की दक्षिणेच्या उंच खिडक्यांतून येणारे कवडसे मंदिराच्या बरोबर मध्यावर, एका रेषेत, वेदीच्या दिशेने पडतात. आम्ही तासाभरापेक्षा अधिक वेळ बाकावर बसून ते कवडसे सरकताना पाहिले. मनात काही विशेष आले नाही. बरे वाटले, एवढेच.

ओतँ येथील संत लाजरस प्रमुख मंदिराच्या दारावर बाराव्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा देखावा आहे. प्रभूच्या पायांखाली ‘गिस्लेबेर्तुस’ हे नाव कोरलेले आहे. ते शिल्पकाराचेच असावे असे बहुतेक मानतात. या शिल्पाची कथा मोठी विलक्षण आहे. १७६६ साली तेथील धर्मगुरुमंडळाला ते ओबडधोबड वाटले, म्हणून त्यांनी त्यावर गिलावा करविला. प्रभूचे मस्तक पुढे आलेले होते, ते आड येत होते म्हणून फोडून काढले. पुढे राज्यक्रांतीत ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या. हे शिल्प मात्र गिलाव्याआड असल्यामुळे वाचले. १८३७ मध्ये ते पुन्हा उघडे झाले आणि मस्तक १९४८ मध्ये परत बसविण्यात आले. नावडत्या गोष्टीकडे सत्तर वर्षे कोणी पाहिले नाही, म्हणून ती टिकली! खालच्या पट्टीत कबरींतून उठणाऱ्या माणसांच्या रांगेत दोन यात्रेकरू आहेत. एकाच्या झोळीवर क्रूस आहे, दुसऱ्याच्या झोळीवर शिंपला. म्हणजे एक यरुशलेमला जाऊन आलेला, दुसरा स्पेनमधल्या संत याकोबाच्या यात्रेला. न्यायाच्या दिवशीही त्यांनी झोळ्या खांद्यावरून उतरविलेल्या नाहीत. आमच्या खांद्यालाही पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली आणि नकाशा होता.

तिसरे गाव बोन. तेथे आम्ही दोन दिवस राहिलो.

शंभर वर्षांच्या युद्धाने आणि लुटारूंच्या टोळ्यांनी बर्गंडीची दुर्दशा झाली होती. अशा काळात, १४४३ साली, तेथील ड्यूकचे मुख्य मंत्री निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन यांनी गरिबांसाठी हे रुग्णालय बांधायला घेतले. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला आणि १९७१ साली रुग्णसेवा नव्या इमारतीत जाईपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, येथे आजाऱ्यांची शुश्रूषा होत राहिली. रोलँ यांनी संपत्ती कोणत्या मार्गाने जमविली याविषयी त्या काळीही लोक कुजबुजत. ज्याने इतक्यांना गरीब केले त्याने गरिबांसाठी घर बांधणे योग्यच आहे, असे फ्रान्सच्या राजाने म्हटल्याचे सांगतात. असो. रुग्णालयाला मिळालेल्या द्राक्षमळ्यांच्या वारुणीचा लिलाव १८५९ पासून दर नोव्हेंबरात होतो आणि उत्पन्न आजही गावाच्या रुग्णसेवेकडे जाते.

आता तेथे तिकीट काढून आत जावे लागते. अंगणातून दिसणारी रंगीत कौलांची छपरे सर्वजण पाहतात, आम्हीही पाहिली. पण ‘गरिबांचे दालन’ म्हणून ओळखली जाणारी ती लांब खोली एकदा पाहिली की बाकीचे विसरायला होते. सुमारे पन्नास मीटर लांबीचे दालन, वर उलट्या केलेल्या होडीसारखे लाकडी छत, दोन्ही भिंतींना लागून तांबड्या पडद्यांच्या खाटांच्या रांगा. एकेका खाटेवर दोघादोघांना झोपवीत. दालनाच्या टोकाला भिंत नाही; तेथे थेट प्रार्थनामंदिर आहे. उठता न येणाऱ्या माणसाला अंथरुणावरून मिस्साबलिदान दिसावे, अशी ही रचना आहे. त्या वेदीवर पूर्वी रॉजिर व्हॅन डर वायडन या चित्रकाराचे अंतिम न्यायाचे भव्य चित्र होते. एरवी ते मिटलेले असे. रविवारी आणि सणांना त्याच्या झडपा उघडत. आज ते शेजारच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले आहे. मध्यभागी महादूत मिखाएल तराजू धरून उभा आहे आणि तो चित्रातल्या कोणाकडेही पाहत नाही. तो समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो. चित्रात सैतान कोठेच नाही. नरकाकडे जाणाऱ्यांना कोणी ओढीत नाही, ते आपल्याच पायांनी जातात.

आम्ही त्या दालनात पहिल्या दिवशी दीड तास होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बाहेर येऊन अंगणातल्या विहिरीपाशी थांबलो असता लेक सहज म्हणाली, “डॅडी, आजीची खाट तुम्ही अशीच फिरवून ठेवली होती ना?”

होय, ठेवली होती. आमच्यापैकी एकाची ती आई, दुसरीची सासू. शेवटचे सात महिने ती अंथरुणाला खिळून होती. आतल्या खोलीतली तिची खाट भिंतीला समांतर होती. ती फिरवली असती तर दारातून बाहेरच्या खोलीतले येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र तिला पडल्यापडल्या दिसले असते. तिने तसे सांगितलेही. मात्र खाट फिरवली की जाण्यायेण्याची वाट अडत होती आणि कपाटही हलवावे लागणार होते. आम्हांला त्या कामाला तीन आठवडे लागले. सवड झाली नाही.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, तिची आबाळ झाली नाही. डॉक्टर येत, औषधे वेळच्या वेळी दिली जात, पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू पवित्र कम्युनियन घेऊन येत. यादीतले काहीही राहिले नव्हते. पण बोनच्या त्या अंगणात आम्हांला उमगले की आम्ही तिच्या खोलीत यात्रा-कंपनीच्या प्रवाशांसारखे जात होतो : आत जायचे, पाहायचे, बाहेर यायचे. पाचशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी गरिबांच्या रिकाम्या खाटांना आम्ही दोन दिवस दिले. तिच्या खाटेजवळ काहीही न करता नुसते बसलो, असा एक तासही आम्हांला आठवेना.

यावर लेकीने आमची बाजू घेतली आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते. संग्रहालयातली खाट काही मागत नाही. तिला वास नाही, ती रात्री हाक मारीत नाही, तिच्यावरची चादर दिवसातून तीनदा बदलावी लागत नाही. शुश्रूषा करणारा माणूस थकतो. थकलेल्याकडून निवांत नजरेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. एका खाटेवर दोन रुग्ण सांभाळणाऱ्या बोनच्या धर्मभगिनींना तरी कोठे सवड असेल! रोलँमहाशयांनी द्राक्षमळे दिले. रुग्णांना भरविणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यांची पत्नी गिगोन मात्र १४६२ साली वैधव्य आल्यावर त्या रुग्णालयाच्याच सेवेत राहिली. १४७० साली ती वारली. त्या दालनाच्या टोकाशी, वेदीसमोर, तिची कबर आहे.

आम्हांला राहून राहून संत मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय आठवत होता. तेथील न्यायाच्या प्रसंगात उजवीकडच्यांचा आणि डावीकडच्यांचा प्रश्न एकच आहे : आपण प्रभूला भुकेला किंवा आजारी असा कधी पाहिले? डावीकडच्यांनी तो विचारावा यात नवल नाही. पण नीतिमानही तेच विचारतात! त्यांनीही त्याला ओळखले नव्हते. त्यांच्यासमोर भुकेला माणूस होता आणि त्यांनी त्या माणसाला पाहिले, इतकेच. या अध्यायावरची प्रवचने ऐकून आमची अशी समजूत झाली होती की रुग्णाच्या जागी ख्रिस्त दिसणे ही मोठी आध्यात्मिक पायरी आहे आणि ती आम्हांला कधी गाठता आली नाही. आता वाटते, आईच्या ठायी आम्हांला प्रभू दिसला नाही हा आमचा दोष नव्हता. आम्ही आईलाच नीट पाहिले नाही, हा होता.

क्लूनीला पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. रोमच्या आजच्या संत पेत्राच्या महामंदिरापूर्वी ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे मंदिर येथे होते. त्याची लांबी १८७ मीटर. राज्यक्रांतीनंतर, १७९८ साली ते विकले गेले आणि १८२३ पर्यंत लोकांनी त्याचे दगड काढून नेले. आज एक बाजू आणि एक मनोरा शिल्लक आहे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, ती परलोकवासीयांच्या स्मरणाची प्रथा याच मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास सुरू केली. मंदिर गेले, प्रथा आमच्या गावापर्यंत पोहोचली.

शेवटचा मुक्काम पारे-ल-मोनियाल येथे होता. १६७३ ते १६७५ या काळात तेथील मठात संत मार्गारेट मेरी यांना पवित्र हृदयाची दर्शने घडली. आपल्या घराघरांत जे चित्र आहे त्या भक्तीचा प्रसार तेथून झाला. या गावासाठी आम्ही मनाची विशेष तयारी केली होती आणि नेमके तेथेच एकाचे मन लागले नाही. दर्शनांच्या प्रार्थनामंदिरात पत्नी गुडघे टेकून बसली. दुसरा बाहेर पडला, जवळचे महामंदिर क्लूनीच्या धर्तीवर कसे बांधले आहे ते निरखीत फिरला आणि ते पाहून झाल्यावर वेळापत्रक वाचीत उभा राहिला. नंतर एका माहितीपत्रकात त्याला एक तपशील सापडला : संत मार्गारेट मेरी यांना मठातल्या रुग्णशाळेत मदतनीस म्हणून नेमले होते आणि त्या कामात त्या फारशा तरबेज नव्हत्या. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

तेथल्या दुकानातून आम्ही पवित्र हृदयाचे एक नवे चित्र घेतले. घरातले जुने चित्र आता फिकट झाले आहे, काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. ते बदलावे असे पाहुणे नेहमी सुचवितात. परत येऊन आता कित्येक महिने झाले. नवे चित्र अजून बॅगेतच आहे. जुने उतरवायचा विषय निघाला की आमच्यापैकी एक आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि जेथे खाट होती तेथून ते अजून दिसते का, ते पाहतो.