वाचन कोण करणार?

मुलांच्या मिस्साबलिदानात शास्त्रवाचन कोण करणार, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले की हात वर होतात ते मुलींचे. मुलगे एकमेकांकडे पाहून हसतात, नाहीतर बुटाची नाडी बांधू लागतात. ‘मुलग्यांना वाचनाची आवड नसतेच,’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

फरक खरा आहे. ‘असर’ने २०२३ साली ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली, तेव्हा दुसरीच्या पातळीचा प्रादेशिक भाषेतील उतारा ७६ टक्के मुलींना वाचता आला, मुलग्यांचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. पण त्याच पाहणीत इंग्रजी वाचनात मुलगे पुढे होते! देवाने त्यांना वाचनाची बुद्धीच कमी दिली असेल, तर ती इंग्रजीपुरती परत कशी येते?

आपल्यातील काही घरांचा चरितार्थ एपीएमसी मार्केटवर चालतो. सुट्टीत मुलगा भल्या पहाटे वडिलांबरोबर गाळ्यावर जातो. गोणीवरची खूण, काट्याची चिठ्ठी, शेतकऱ्याची पट्टी तो भराभर वाचतो. तिथे चूक झाली तर पैसे जातात. तोच मुलगा पुस्तकापुढे अडखळतो. बहीण घरी राहते. तिच्या हाती पुस्तक असते. पण ते आवडीने, की बाहेर जायची मुभा नाही म्हणून, हे आपण तिला कधी विचारले आहे का? चांगले वाचते म्हणून तिचे कौतुक होते आणि लगेच भाकऱ्यांसाठी हाकही येते.

मुलगा मोबाईलवर बाजारभाव पाहणारे वडील पाहतो. पुस्तक घेऊन बसलेले वडील त्याला दिसत नाहीत. घरी शास्त्रपाठ वाचते ती आई. तीमथ्याला लिहिताना संत पौलही आजी लोईस आणि आई युनीके यांचीच आठवण काढतो. मात्र नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडून वाचायला उभा राहिला तो सुताराचा मुलगा होता.

मग मुलग्यांना धीर यावा म्हणून मुलींच्या काही पाळ्या त्यांना द्याव्यात का? यावर आमच्यात एकमत नाही. वाचकाची विधिवत सेवा स्त्रियांना खुली झाली ती पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने, जानेवारी २०२१ मध्ये. इतक्या उशिरा मिळालेली जागा मुलीने पुन्हा सोडावी, हे आम्हांला अन्यायाचे वाटते. शिवाय देवाचा शब्द नीट ऐकू यावा, हा मागे बसलेल्या आजीचाही हक्क आहे. पण अडखळणाऱ्या मुलाला कधीच उभे केले नाही, तर त्याचे अडखळणे सुटणार कसे?

तूर्त एवढे ठरले आहे. मुलींच्या पाळ्या तशाच राहतील. मुलग्यांसाठी शनिवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या खोलीत वाचनाचा सराव होईल. प्रत्येकाने वडिलांना बरोबर आणावे. आधी वडील वाचतील.