ओहोटीची वाट

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, जेथे हरिहरेश्वराची टेकडी थेट अरबी समुद्राला भिडते, तेथे देवाची प्रदक्षिणा मंदिराभोवती संपत नाही. डोंगराच्या कपारीतून पायऱ्यांनी खाली येऊन, लाटांनी जाळीदार कोरलेल्या खडकांवरून ती पुरी करावी लागते, आणि तीही केवळ ओहोटीच्या वेळी. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब; अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे माध्यान्ही वाट मोकळी. सुटीचे दोन दिवस मुक्रर करून आलेल्या प्रवाशाला हे बंधन जाचते. यात्रिक मात्र, काळभैरवाचे दर्शन आधी घेऊन, ज्या सागरावर कोणाचाही हुकूम चालत नाही त्याची रजा मिळेपर्यंत मुकाट्याने थांबतो, आणि त्या थांबण्यालाच, मला वाटते, उपासना म्हणावे. देव सर्वव्यापी असेल तर इतक्या दूर यावे कशाला, ह्या प्रश्नाने मला दीर्घकाळ छळले होते. त्या ओल्या दगडांपाशी बसलो असता प्रथमच जाणवले की, स्थळाची निकड देवाला नसून माझ्या अधीर अहंकाराला होती. पाणी हळूहळू मागे सरले, शेवाळलेला पहिला खडक उघडा पडला, आणि आम्ही उठलो.